नोंदणी कायद्याची, सभासदत्व आपखुशीचे

(पशुवैद्यक पदवीधरांसमोर केलेले भाषण)



मी अर्थशास्त्राचा शिक्षक. गाईची नाडी कोठे पाहतात हेही मला ठाऊक नाही. तरीही आपण बोलावलेत, तेव्हा आपल्या व्यवसायाचा हिशेब बाहेरच्या माणसाने मांडावा, अशी आपली इच्छा असावी.

परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. आज साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यान्वये नोंदणी झाली, की आपण व्यवसायास मोकळे होता. मग संघटनेची वर्गणी कशासाठी, असे तरुण पदवीधर विचारतात. प्रश्न रास्त आहे. दिनदर्शिका आणि वार्षिक स्नेहभोजन एवढ्यासाठीच असेल, तर ती देऊ नये.

एका भूमिहीन बाईची एकुलती एक म्हैस घ्या. कासेला दगडी झाली, आपण प्रतिजैविक टोचले. औषधाचा अंश दुधात उतरतो, उकळूनही तो बहुधा जात नाही. म्हणून वेष्टनावरील मुदत संपेपर्यंत ते दूध विकावयाचे नसते. हे सांगावे, तर तेवढे दिवस तिची चूल अडते. न सांगावे, तर ते दूध कोणा अनोळखी मुलाच्या पेल्यात जाते. आणि शेजारच्या गावचा डॉक्टर ‘घाला खुशाल डेअरीला’ म्हणत असेल, तर पुढचे बोलावणे त्यालाच जाणार. यात त्या बाईला दोष देण्याचा अधिकार मला तरी दिसत नाही. दोन उपचारांतील भेद तिला कळणार कसा? जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी हेच दाखविले: ग्राहकाला गुण पारखता येत नसेल, तर वाईट माल चांगल्याला हुसकून लावतो.

एकट्या डॉक्टरला हा प्रामाणिकपणा परवडत नाही. तालुक्यातील सर्वांनी तोच सल्ला द्यावयाचे ठरविले, तरच परवडतो. पण तेवढ्यावर थांबलात, तर दंड पुन्हा त्या बाईलाच. उपचारकाळातील दुधाची भरपाई दूध संघाने द्यावी, ही मागणी आपल्या संघटनेने संचालकांपुढे नेली पाहिजे. व्यावसायिकांच्या निवेदनांत वेतनश्रेणी असते, पदोन्नती असते, पदविकाधारकांच्या अधिकारांना हरकत असते. वेतनाची मागणी गैर आहे, असे निवृत्त प्राध्यापक कोणत्या तोंडाने म्हणणार! आमच्याही संघटनेत विद्यार्थी हा विषय सभेच्या शेवटी, निम्मे लोक उठून गेल्यावर निघत असे.

आणि या ठरावात पदविकाधारक पर्यवेक्षकांनाही घ्या. कायद्याने त्यांचे काम आपल्या देखरेखीखालचे असेल. पण रात्री-अपरात्री गोठ्यात पहिला पोचतो, तो बहुधा त्यांच्यापैकीच कोणी असतो.