दहा हजारांचे चार हजार



बोलायला दोनच मिनिटं मिळाली आहेत, म्हणून एकच जुना हिशेब मांडतो.

१९८२ साली, दहावीत असताना, विज्ञान प्रदर्शनासाठी मी आणि माझ्या बाकावरच्या मित्राने अ‍ॅम्प्लिफायर केला होता. बीसी १४८ ट्रान्झिस्टरचे दोन सारखे टप्पे आणि ९ व्होल्टची बॅटरी. पहिला टप्पा मी जोडला, दुसरा त्याने. सरांनी दोन्ही टप्पे वेगवेगळे तपासले. प्रत्येकाचा गेन १०० भरला. शंभर गुणिले शंभर, दहा हजार! मी तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहूनही टाकलं. मग मध्ये कपॅसिटर घालून दोन्ही टप्पे जोडले, तर गेन मिळाला ४,०००.

मी सरळ म्हणालो, "तुझं सोल्डरिंग कच्चं आहे." त्याने रात्री जागून सगळे जोड पुन्हा केले. आकडा हलला नाही. प्रदर्शनात आम्ही एकाच टेबलामागे न बोलता उभे होतो.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी 'लोडिंग' शिकलो, तेव्हा उलगडा झाला. माझ्या टप्प्याचा कलेक्टर रेझिस्टर होता ३.३ किलोओहमचा. त्याच्या टप्प्याचा इनपुट रेझिस्टन्स, म्हणजे बायसचे दोन रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टरचा बेस मिळून, सुमारे २.२ किलोओहम. सिग्नलच्या दृष्टीने हे दोन्ही समांतर येतात आणि ३.३ चे १.३२ होतात. म्हणून दुसरा टप्पा जोडताच माझा गेन १०० वरून ४० वर उतरला. त्याचे १०० शाबूत होते. खोट जोडात नव्हती, माझ्या गुणाकारात होती.

उपायही साधा होता. मध्ये एक एमिटर फॉलोअर घालायचा. त्याचा स्वतःचा गेन जेमतेम १. पण तो मागच्यावर फारसा भार टाकत नाही आणि पुढच्याचा भार स्वतः पेलतो.

हे कळलं त्याच दिवशी पत्र टाकायला हवं होतं. पत्ता होता, धीर नव्हता. आज तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. गड्या, तुझं सोल्डरिंग पक्कं होतं. हिशेब माझा चुकला होता. उशिरा का होईना, सगळ्यांसमोर कबूल करतो.