उमेदवार पाच वर्षे आधी उभा राहतो

(नागरी प्रश्नांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पुण्यातील अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आपण मला विषय दिला आहे, ‘मतदार नगरसेवक कसा निवडतो?’ निमंत्रण आले तेव्हा मी संयोजकांना म्हटले, की अहो, १५ जानेवारी २०२६ला मतदान झाले, दुसऱ्या दिवशी निकाल लागले, गुलालही धुऊन झाला; आता हे वरातीमागून घोडे कशासाठी? ते म्हणाले, “म्हणूनच. आता समोर कोणी उमेदवार नाही, तेव्हा मोकळेपणी बोलता येईल.” हे उत्तर मला पटले. विचार करू लागलो, तेव्हा ध्यानी आले की या विषयाचा खरा मुहूर्त हाच आहे. पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार मतदाराच्या डोळ्यांत भरणार आहे, त्याची उमेदवारी आताच, या महिन्यातच सुरू झालेली असते; त्याला स्वतःला ते ठाऊक असो वा नसो.

आरंभीच एक कबुली देतो. चिन्हाची लाट असते, जातीचे गणित असते, पैशाचा खेळ असतो. तीस वर्षे पालिका निवडणुकांचे वार्तांकन केलेल्या माणसाने हे नाकारले, तर त्याच्या पुढच्या एकाही वाक्यावर आपण विश्वास ठेवू नये. या वेळी तर सोडती निघाल्या. गाडी, थायलंडची सहल, जमिनीचा गुंठा! पूर्वी हळदी-कुंकवात वाणाची वाटी मिळे, त्या वाटीचा हा केवढा प्रवास! परंतु एकाच चिन्हाच्या चार उमेदवारांपैकी तिघे निवडून येतात आणि चौथा पडतो, किंवा शहरभर लाट असताना एखाद्या प्रभागात लाटेविरुद्धचा माणूस टिकून राहतो, हे आपण प्रत्येक निवडणुकीत पाहतो. हा जो फरक पडतो, तो कशाने पडतो, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांवर एक विलक्षण प्रयोग झाला. कोणी ठरवून केला नाही, पण झाला. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. इतर मागासवर्गाचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात अडकले, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये आदेश दिल्यानंतर कुठे चक्रे हलू लागली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे कलम २४३-यू अन्वये, पालिकेची मुदत पाच वर्षे ठरली आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक आहे. तरीही सुमारे तीन वर्षे दहा महिने आपले शहर प्रशासकाच्या हाती होते. मुख्य सभा नाही, निवडून आलेली स्थायी समिती नाही, नगरसेवक नाही.

सुरुवातीला पुष्कळ सुशिक्षित मंडळी, त्यांत माझे काही पत्रकार मित्रही आले, म्हणत होती की बरे झाले, कटकट गेली. अधिकारी काम करतील. मग हळूहळू कटकट म्हणजे काय होती, ते कळू लागले. ड्रेनेज तुंबले की फोन कोणाला करायचा? क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला, पोच मिळाली. पण पोच घेऊन कोणाच्या दारी उभे राहायचे?

आपल्या शहराच्या कडेला असलेल्या गावांचे तर याहून कठीण झाले. जून २०२१मध्ये २३ गावे महापालिकेत आली. ग्रामपंचायती गेल्या, म्हणजे सरपंच गेला. आणि नगरसेवक आला तो थेट जानेवारी २०२६मध्ये. मधली साडेचार वर्षे तेथील माणसाला आपले म्हणावे असे दारच नव्हते. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन-बारी सिंड्रोमची साथ आली, तेव्हा नांदेड आणि किरकटवाडी ही याच २३ गावांपैकी गावे सर्वाधिक भरडली गेली. संशय दूषित पाण्यावर होता. विहिरीचे पाणी कुठून येते, त्यात क्लोरीन कोण टाकतो, शेवटचे केव्हा टाकले, हे विचारण्याचा अधिकार असलेला, म्हणजे लोकांनी निवडलेला, एकही माणूस तिथे नव्हता. नगरसेवक असता तर साथ आली नसती असे मी म्हणणार नाही. पण विचारणारा कोणी असता.

अशा काळात काही माणसे पद नसताना नगरसेवकासारखी वागली. काही माजी होते, काही कधीच कोणी नव्हते. टँकर केव्हा येणार हे सांगत होते, दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसांना दुचाकीवर बसवून कार्यालयात नेत होते. आणि काही माजी नगरसेवक असे, की मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या संपर्क कार्यालयाचे शटर खाली आले, ते निवडणुकीची चाहूल लागली तेव्हाच वर गेले. मतदार हे दोन्ही प्रकार पाहत होता. तो बोलत नाही, पण त्याची वही उघडी असते.

मी नवखा वार्ताहर होतो, तेव्हाची एक आठवण सांगतो. १९९७ची निवडणूक. एका वॉर्डात मला दोन उमेदवारांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. पहिल्याने मला शहराच्या विकासाचा आराखडा ऐकवला. उड्डाणपूल, क्रीडासंकुल, सगळे काही. दुसरा एक साधा शिवणकाम करणारा गृहस्थ. त्याच्या मशीनच्या खणात शाळकरी मुलांची दोनशे पानी वही होती. तीत गल्लीनिहाय लिहिलेले : पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, व्हॉल्व्ह उघडणारा कर्मचारी कोण, त्याची सुट्टी कोणत्या दिवशी. मी विचारले, हे कशासाठी? तो म्हणाला, “साहेब, बायका पाण्यासाठी पहाटे उठतात. एखाद्या दिवशी पाणी येणार नसेल, तर त्यांना आदल्या रात्री सांगता आलं पाहिजे. निदान झोप तरी मिळेल.” पाणी आणून देतो असे तो म्हणाला नाही. त्याच्या हाती नव्हते, हे त्याला ठाऊक होते. तो निवडणूक हरला, हेही सांगितले पाहिजे, थोडक्यात हरला. पण निकालानंतर आठवड्याभराने मी त्या वस्तीत गेलो, तर बायका निवडून आलेल्याकडे नव्हे, त्याच्याच दुकानात उभ्या होत्या. पुढच्या खेपेस तो निवडून आला, तेव्हा त्या वस्तीत कोणालाच आश्चर्य वाटले नाही.

मला वाटते, मतदाराला उमेदवार ओळखू येतो तो इथे. फलकावरून नाही. फलकाने चेहरा कळतो, आणि चेहऱ्यांची आता एवढी गर्दी झाली आहे की पथदिव्याच्या खांबावर दिवा शोधावा लागतो. आपण पुणेकर तर ‘संकल्पना’ या शब्दाचे बळी आहोत. बाक बसवला, संकल्पना अमुक. कमान उभारली, संकल्पना तमुक. पैसा करदात्याचा आणि संकल्पना यांची! बाकावर बसणाऱ्या आजोबांना त्या नावाचे काही देणेघेणे नसते. त्यांना लक्षात राहतो तो तो माणूस, ज्याच्याकडे ते एकदा तक्रार घेऊन गेले होते आणि ज्याने पुढच्या आठवड्यात आपण होऊन फोन केला, की आजोबा, काम झाले नाही, अमुक कारणाने अडले आहे. काम झालेले पुष्कळांना आठवत नाही. परत आलेला फोन आठवतो.

इतिहासात याची मोठी उदाहरणे आहेत. वल्लभभाई पटेल १९१७मध्ये अहमदाबाद नगरपालिकेत निवडून आले आणि तिच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी शहरात प्लेग आला. न्यायालये बंद, शाळा बंद, सधन मंडळी गाव सोडून गेलेली. वल्लभभाई शहरातच राहिले आणि सफाईच्या कामावर स्वतः देखरेख करीत हिंडले. पुढे देशाने त्यांना सरदार म्हटले, पण अहमदाबादच्या पोळांतील माणसाने त्यांना आधी गटारीच्या काठी पाहिले होते.

दुसरे उदाहरण आपल्यापासून विचाराने पुष्कळ दूर असलेल्या एका बाईंचे आहे. आणि ते याच व्यासपीठावरून द्यावे असे मला मुद्दाम वाटते. मृणालताई गोरे. १९६१मध्ये त्या गोरेगावातून मुंबई महापालिकेत गेल्या. पाण्यासाठी त्यांनी असा पिच्छा पुरवला, की लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नावच दिले. समाजवाद कोणाला कळो न कळो, नळाला पाणी आले की नाही हे प्रत्येक घरातील बाईला कळत होते. आणीबाणीत त्या तुरुंगात गेल्या. १९७७ला लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा घोषणा झाली, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. पंतप्रधानांच्या नावाला एका नगरसेविकेच्या कामावरून यमक जुळले! कोणतीही जाहिरात संस्था असे नाव विकत देऊ शकणार नाही. आपल्या कार्यकर्त्याने त्यांच्याकडून काय घ्यावे, यावर मतभेद होऊ शकतील. हे घ्यावे, यावर नसावा.

आता अडचण कुठे आहे, तेही बोलले पाहिजे. १९९७ला एका वॉर्डाचा एक नगरसेवक होता. २००२ला तीन झाले, २००७ला पुन्हा एक, २०१२ला दोन, आणि २०१७पासून चार. या वेळी पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांवर लोकसंख्या, तीही २०११च्या जनगणनेची. आज ती किती असेल, याची कल्पना आपणच करा. एवढ्या पसाऱ्यात आमचा तो शिंपी आपली वही घेऊन किती गल्ल्या फिरेल? शिवाय खड्डा एक आणि नगरसेवक चार. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. मोठ्या प्रभागाने पक्षांची सोय झाली, मतदाराची झाली असे मला वाटत नाही. सर्व पक्षांनी आपापल्या सोयीच्या वेळी हा बदल केलेला आहे, तेव्हा यात कोणी एकाने अंग झटकू नये.

महिलांच्या आरक्षणाविषयीही एक वाक्य. निम्म्या जागा महिलांना मिळाल्या त्याला आता बरीच वर्षे झाली. तरी अजून नगरसेविकेच्या फलकावर यजमानांचा फोटो तेवढाच मोठा, आणि फोन उचलणारेही तेच. मतदार भगिनी हे पाहतात. ज्या ताई स्वतः फोन उचलतात, आरोग्य कोठीवर जाऊन मुकादमाशी स्वतः बोलतात, त्या पुढच्या वेळी खुल्या जागेवरून लढल्या तरी निवडून येऊ शकतात. अशा काही मी पाहिल्या आहेत.

मग आपण कार्यकर्त्यांनी काय करावे? संपर्क हा शब्द आपल्याला नवा नाही. पण निवडणुकीतील संपर्क म्हणजे मतदार चिठ्ठी पोहोचवणे, एवढाच अर्थ आता उरत चालला आहे. चिठ्ठी देणारा दारातून परत जातो. तक्रार लिहून घेणाऱ्याला आत बसावे लागते, चहा घ्यावा लागतो, आणि पुढच्या आठवड्यात उत्तर घेऊन पुन्हा यावे लागते. हे दुसरे येणे अवघड असते, विशेषतः उत्तर ‘नाही’ असेल तेव्हा. माझा अनुभव असा, की निम्मे इच्छुक या दुसऱ्या फेरीतच गळतात.

पुढच्या महिन्यात आपण पुन्हा जमणार आहोत. येताना प्रत्येकाने आपल्या गल्लीतील पाण्याची वेळ, जवळची आरोग्य कोठी, तिथल्या मुकादमाचे नाव आणि प्रभागातील चारही नगरसेवकांची नावे लिहून आणावीत, अशी माझी विनंती आहे. मी स्वतः इकडे येताना रिक्षात बसून आठवून पाहिली. तीन आठवली. चौथे घरी गेल्यावर विचारणार आहे.