पेटी सध्या कुणाकडे आहे?

सूर्यमाळहून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ह्याचा आपल्याशी काय संबंध? विषय आहे, परदेशात गेलेली मराठी माणसं एकत्र येऊन पुस्तकं कशी वाचतात. पण थांबा, पुढे जाऊन हा विषय थेट आपल्या पाड्यावर येणार आहे.

गोष्ट सुरू होते नाशिकला, म्हणजे आपल्याकडून त्र्यंबकेश्वरमार्गे जातो तिथेच. तिथल्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. कल्पना एकदम साधी. वाचक लायब्ररीत येत नाही ना? मग पुस्तकंच त्याच्याकडे पाठवू. पुस्तकांची एक पेटी भरायची, ती एखाद्या सोसायटीत, गावात, ऑफिसात एका माणसाकडे ठेवायची, आणि आजूबाजूच्यांनी तिथून पुस्तकं न्यायची. वाचकाला एक रुपया खर्च नाही. पैसे येतात देणगीतून. कुणी वाढदिवसाला देतं, कुणी आईवडिलांच्या आठवणीत देतं.

२०१४ मध्ये ही पेटी दुबईला पोचली. एका पेटीत २५ पुस्तकं, आणि प्रत्येक पेटीतली पुस्तकं वेगळी. काही महिने झाले की पेट्यांची अदलाबदल. तुमच्या भागातली पेटी दुसरीकडे, तिकडची तुमच्याकडे. पुढे नेदरलँड्स, जपान अशा देशांतही पेट्या गेल्या.

आता मला ह्यात सगळ्यात भारी काय वाटतं ते सांगतो. पेटी हॉलमध्ये नसते, कुणाच्या तरी घरात असते. म्हणजे पुस्तक हवं असेल तर दार वाजवावं लागतं. दार वाजवलं की ‘या, बसा’ आलं. बसलं की चहा आला. चहाबरोबर ‘हे वाचलंत का, कसं वाटलं?’ आलं. परक्या शहरात नोकरी मिळते, खोली मिळते, पण विनाकारण कुणाच्या घरी जाता येत नाही. पेटी ते कारण देते. आणि अदलाबदल करायची म्हणजे दोन भागांतल्या माणसांना भेटावंच लागतं. वाचनासाठी म्हणून सुरू झालेली गोष्ट शेजार तयार करते.

हे फक्त मराठी माणसाचं नाही बरं का. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये सुरू झालं. त्याच्याही आधी, १९११ मध्ये, डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी कॅलिफोर्नियात सॉलव्हँग नावाचं गाव वसवलं आणि लगेच तरुणांसाठी आपल्या पद्धतीची लोकशाळा काढली. घर सोडलेल्या माणसाला पोटापाण्याची सोय झाली की लगेच आपली भाषा बोलणारं कुणीतरी लागतं.

आता आपल्याकडे या. परदेशात जाणारे तेवढे स्थलांतरित, असं आपल्याला वाटतं. अरे, आपल्या मोखाडा-जव्हारमधून दिवाळी झाली की किती घरांना कुलूप लागतं! भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर माणसं जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. पोरं सोबत जातात. शाळा इथे, पोर तिथे. दुबईतल्या पोराला घरी मराठी कळतं, पण त्याला बाराखडी जड जाते. आपलं पोर बाराखडी गिरवतं, पण घरात वारली नाहीतर कोकणा बोलतं, आणि सहा महिने भट्टीवर राहिलं की गिरवलेलं विसरायला लागतं. दोघांची अडचण वेगळी, पण उपाय जवळपास एकच: कुणीतरी शेजारी बसून मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि अडलेला शब्द घरच्या बोलीत सांगायचा.

म्हणून माझं म्हणणं, पेटी भट्टीवरही जाऊ शकते. पेटीच हवी असंही नाही. सिमेंटची रिकामी गोणी चालेल, पत्र्याची ट्रंक चालेल. २५ नाही, १० पुस्तकं घ्या. गोष्टींची, चित्रांची, थोडी मोठ्यांसाठी. एका वहीत लिहा, कुणी काय नेलं. गावातून जाणाऱ्या प्रत्येक टोळीत दहावी-बारावी झालेलं एक तरी पोरगं किंवा पोरगी असते. पेटी तिच्याकडे. दिवसभर विटा पाडून माणूस थकतो, हे मला ठाऊक आहे. रोज तास घ्या, असं कुणी म्हणत नाहीये. ज्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी एक गोष्ट. बास.

आणि एक नियम मात्र दुबईवाल्यांकडून उचला: पेटी फिरली पाहिजे. एका भट्टीवरची दुसऱ्या भट्टीवर, एका पाड्यावरची दुसऱ्या पाड्यावर. पुस्तकाला पान दुमडलं तर दुमडू दे, डाग पडला तर पडू दे. कुलपात नवंकोरं राहिलेलं पुस्तक काय कामाचं?

दिवाळीला अजून वेळ आहे. तुमच्या पाड्यावरून ह्या वर्षी कोण कोण जाणार, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या सामानात तांदूळ असतील, भांडी असतील, कोंबडीही असेल. त्यात दहा पुस्तकांची जागा होते. मग पावसाळ्यात सगळे परत आले की एकमेकांना विचारा, पेटी सध्या कुणाकडे आहे?

हा भाग भट्टीवरच्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.