मताची उचल

(राजोडी, तालुका वसई, येथें भरलेल्या सभेंत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समुद्रावरचा वारा सोडून तुम्ही भरदुपारीं आमचें बोलणें ऐकावयास बसलां, ह्याबद्दल प्रथम आभार मानतों. आम्ही कोणा पक्षाची बाजू घेऊन आलेलों नाहीं. तसें असतें तर मंडप मोठा असता, खुर्च्यांस पांढरीं वस्त्रें असतीं आणि तुम्हांस आणावयास टेंपो आले असते!

१९ नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट तुमच्या ध्यानांत असेलच. दुसऱ्या दिवशीं विधानसभेचें मतदान होतें आणि येथून जवळच, विरारच्या एका हॉटेलांत, एकच गर्दी उसळली. भाजपचे सरचिटणीस विनोद तावडे हे तेथें पैसे वांटावयास आले, असा आरोप बहुजन विकास आघाडीचे हितेंद्र ठाकूर व क्षितिज ठाकूर ह्यांनीं केला. तावडे ह्यांनीं तो साफ नाकारला. आपण कार्यकर्त्यांस मतदानाच्या दिवसाचें कामकाज समजावून देण्यास आलों होतों, असें त्यांचें म्हणणें. अधिकाऱ्यांनीं हॉटेलांतून ९ लाख ९३ हजार ५०० रुपये जप्त केले. खरें कोणाचें, हें ठरविणें आमचें काम नव्हे. पण ह्या दहा लाखांवर आपल्या नाक्यानाक्यावर जेवढी चर्चा झाली, तिच्या शतांशही चर्चा सोळा हजार कोटींवर झाली नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. त्या सोळा हजार कोटींविषयींच आज बोलावयाचें आहे.

आपल्या आजोबांच्या वेळीं काय होतें? १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वयें कौन्सिलच्या निवडणुका आल्या, पण मत कोणास? तर ठराविक सारा किंवा कर भरणारास. कुळें, मजूर, मासे मारणारे हे बहुतेक बाहेर. राज्यघटना झाली आणि १९५१-५२ च्या निवडणुकींत प्रत्येक सज्ञान माणसास, बाईस व बुवास, सारखें मत मिळालें. आम्हांस वाटलें, पैशाचा पहारा उठला. तो उठला नव्हता, त्यानें फक्त जागा बदलली होती. पूर्वीं तो मतदाराच्या वाटेवर उभा होता, आतां उमेदवाराच्या वाटेवर उभा आहे. मत तुमचें, पण तें कोणास द्यावयाचें त्या नांवांची यादी ज्याच्याजवळ पैसा त्याच्या पसंतीनें तयार व्हावयाची.

शहरांतले शहाणे म्हणतात, गरीब लोक मत विकतात म्हणून लोकशाही बुडाली. हजार रुपयांचें पाकीट धरलें तर पांच वर्षांत दिवसाला ५५ पैसे पडतात. ह्या भावांत शेणाची गोवरीसुद्धां येत नाहीं. पाकीट घेणें वाईटच, त्याची वकिली आम्ही करीत नाहीं. परंतु पाकिटांत पैसा घालणारा कोण, हें हे शहाणे कधीं विचारीत नाहींत.

वाडीवाल्यास उचल म्हणजे काय हें शिकवावयास नको. पावसाळ्यांत हात आखडला, दलालाकडून पैसे उचलले, कीं पुढें केळीचा घड कोणत्या भावानें जावयाचा हें दलाल ठरवितो. तो दांडगाई करीत नाहीं. गोड बोलतो, चहा पाजतो; पण भाव त्याचा! राजकीय पक्षही अशीच उचल घेतात. फरक इतकाच कीं, वाडीवाला आपला घड देतो आणि पक्ष फेडतो तो तुमचा-आमचा माल देऊन.

आतां सोळा हजार कोटी. २०१७ च्या वित्त कायद्यानें निवडणूक रोखे नांवाची युक्ति निघाली आणि २०१८ पासून ते स्टेट बँकेंत मिळूं लागले. हजारापासून एक कोटीपर्यंतचे. बँकेंतून रोखा घ्यावा, आवडत्या पक्षास द्यावा, पक्षानें वटवावा; देणाराचें नांव पक्षानें कोणास सांगावयास नको. आजवर कंपनीस आपल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर देणगी देतां येत नसे. तीही मर्यादा त्याच कायद्यानें काढली. नफा नसलेली कंपनीही दानशूर झाली! नांव लोकांपासून लपलें, पण बँक सरकारी, तेव्हां राज्यकर्त्यांस तें कळण्याची वाट मोकळीच. एकूण १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले आणि त्यांतली बहुतेक रक्कम एक कोटीच्या रोख्यांतच आली. हजाराचा रोखा घेऊन रांगेंत उभा राहिलेला शेतकरी आम्हांस तरी कोठें दिसला नाहीं.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें ही योजना घटनाबाह्य ठरविली. नांवें सांगावयास बँकेनें ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयानें ती नाकारली, आणि एवढें अवघड म्हटलेलें काम दोन दिवसांत झालें. यादी निघाली तेव्हां सर्वांत मोठी देणगीदार कोण? फ्युचर गेमिंग ही लॉटरीची कंपनी, १,३६८ कोटी. म्हणजे हमालानें व रिक्षावाल्यानें नशीब काढण्यास जी तिकिटें घेतलीं, त्या धंद्यांतून हा पैसा आला. दुसरी हैदराबादची मेघा इंजिनियरिंग, ९६६ कोटी. आपल्या शेजारचें ठाणे-बोरिवली बोगद्याचें काम ह्याच कंपनीकडे गेलें. देणगीचा व कामाचा संबंध आहे असें कोणत्याही न्यायालयानें म्हटलेलें नाहीं. त्याच्या तपासास विशेष पथक नेमा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानें २ ऑगस्ट २०२४ रोजीं नाकारली. आम्हीही तसें म्हणत नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, उचल आणि माल एकाच वहींत दिसले तर मालकानें वही मागावी, आणि येथें मालक तुम्ही आहां.

हें संकट कोणी ओळखलें नव्हतें असें नाहीं. १९५७ सालीं टाटांच्या पोलाद कंपनीस राजकीय देणग्या देतां याव्या, असा खटला मुंबईच्या हायकोर्टापुढें आला. सरन्यायाधीश छागला ह्यांनीं कायदा आड येत नाहीं म्हणून परवानगी दिली, पण कंपन्यांचा पैसा पुढें लोकशाहीचा गळा आवळील, असा इशाराही निकालांतच लिहून ठेवला. १९६९ सालीं कंपन्यांच्या देणग्यांस बंदी झाली, १९८५ सालीं ती उठली.

उमेदवाराच्या खर्चाचेंही असेंच. आपल्या राज्यांत विधानसभेस ४० लाख व लोकसभेस ९५ लाख ही मर्यादा २०२२ सालीं ठरली. ती उमेदवारास, पक्षास मर्यादाच नाहीं! ऑक्टोबर १९७४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, पक्षानें उमेदवारासाठीं केलेला खर्च उमेदवाराच्याच नांवें धरा. त्याच महिन्यांत वटहुकूम निघाला आणि तो निकाल निकामी झाला. एरवीं एकमेकांचें तोंड न पाहणारे पक्ष ह्या एका बाबतींत तेव्हांपासून भावाभावांसारखे नांदत आहेत. घराच्या पुढच्या दारास कुलूप आणि मागची भिंतच नाहीं, अशी ही तऱ्हा आहे.

तेव्हां पक्षाच्या खर्चासही मर्यादा हवी. वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचें नांव पक्षांस आज कळवावें लागत नाहीं, ही पळवाट बुजली पाहिजे. सरकारचें कंत्राट घेणाऱ्या कंपनीस देणगी बंद असावी. हें दिल्लीस व्हावयाचें आहे आणि ज्यांनीं करावयाचें त्यांचेंच त्यांत नुकसान आहे, म्हणून आम्ही त्याच्या भरंवशावर बसत नाहीं.

येथें बसून करण्याजोगें एक काम आहे. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवारास आपल्या खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि नियमानें कोणीही माणूस एक रुपया फी भरून तो पाहूं शकतो. मंडपाचें भाडें, टेंपोचें भाडें, जेवणाचें ताट काय दरानें पडतें, हें आपल्या राजोडींत घरोघर ठाऊक आहे. किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांवर आपलीं घरें चालतात. पुढच्या निवडणुकींत प्रत्येक सभेस किती खुर्च्या, किती गाड्या, किती ताटें, हें दोघांनीं वहींत टिपावें आणि मग ती वही घेऊन पालघरला जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरींत जावें. फीचा रुपया आम्ही देतों. वही ह्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांस हें काम करावयाचें त्यांनीं जातांना पहिल्या पानावर आपलें नांव लिहावें.