अपघात दैवाधीन नव्हेत : कुमारवयातील इजा आणि गावाची जबाबदारी

(धावडा, ता. भोकरदन, जि. जालना येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यशिक्षण म्हटले की लसीकरण, शुद्ध पाणी, हिवताप, माता-बालसंगोपन हे विषय आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. या आघाड्यांवर गावोगावी पुष्कळ कार्य झाले आहे. परंतु गोवर आणि अतिसार यांच्या तावडीतून आपण वाचविलेले मूल पंधरा वर्षांचे होते आणि एके दिवशी मळणी यंत्रात हात गमावते, शेततळ्यात बुडते किंवा दुचाकीवरून पडून दगावते. त्या वेळी ‘नशिबात होते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हिवताप नशिबाने होतो असे आज कोणी मानीत नाही. मग अपघातच तेवढा दैवाच्या खात्यावर का टाकावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात हे आहे. केंद्र शासनाने २०१४ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही १० ते १९ वर्षांच्या मुला-मुलींसाठी पोषण आणि मानसिक आरोग्य यांच्या बरोबरीने इजा व हिंसाचार यांच्या प्रतिबंधाला स्थान दिलेले आहे. हा विषय कागदावरून गावात आणणे हे आपले काम आहे.

प्रथम यंत्राचा विचार करू. आपल्या भागात मका आणि सोयाबीन यांची मळणी दिवाळीच्या सुमारास येते. त्याच वेळी शाळांना सुट्टी असते. मजूर मिळत नाहीत, पावसाचे भय असते, म्हणून घरातील मुलगा यंत्राच्या तोंडाशी उभा राहतो. ओढणी, उपरण्याचे टोक किंवा सैल बाही फिरत्या शाफ्टमध्ये गेली की ती सोडविण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. मळणी यंत्रावरील अपघातांचा प्रश्न एवढा गंभीर होता की १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या विनियमनाचा स्वतंत्र कायदा केला. तथापि कायदा खळ्यावर पहारा देत नाही; तो गावानेच द्यावयाचा असतो. अठरा वर्षांखालील कोणीही यंत्रात माल टाकणार नाही, शाफ्टवर झाकण असल्याशिवाय यंत्र गावात चालणार नाही आणि अडकलेला पाला यंत्र पूर्ण थांबल्यावरच काढला जाईल, एवढे तीन नियम यंत्रमालकांना एकत्र बसवून ठरविता येतील. दुर्दैवाने बोट तुटलेच, तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवून रुग्णाबरोबर न्यावी. बोट उघडे बर्फावर ठेवू नये.

दुसरा विषय पाण्याचा. पूर्वी विहिरीत पोहणे शिकविताना पाठीला भोपळा किंवा डबा बांधीत आणि काठावर जाणते माणूस उभे असे. आज शेततळी झाली. पाण्याची सोय झाली ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु प्लॅस्टिकचे अस्तर ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही आणि पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही. एक बुडतो, दुसरा वाचविण्यास उडी घेतो आणि दोघेही जातात. म्हणून प्रत्येक तळ्याला कुंपण असावे. चारही बाजूंना खुंटीस पक्का बांधलेला, गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा. मुलांना एक वाक्य पाठ असावे : ‘उडी टाकू नको, दोर टाक आणि हाक मार.’ बाहेर काढलेल्यास उलटे टांगून वा गरगर फिरवून वेळ दवडू नये. श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे ताबडतोब सुरू करावे. आरोग्य कर्मचाऱ्यांनी हे प्रात्यक्षिक शाळेत करून दाखवावे.

तिसरा विषय दुचाकीचा. मुलगा चौदाव्या वर्षी गाडी चालवितो याचे पालकांना कौतुक वाटते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु दंडापेक्षा डोके मोलाचे आहे, हे पालकसभेत सांगितले पाहिजे.

सर्पदंशाबाबत थोडक्यात सांगतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि पुष्कळदा वेदनाही होत नाहीत. खाट, मच्छरदाणी आणि हाती विजेरी हे साधे उपाय आहेत. दंश झाल्यास जखम कापू नये, घट्ट आवळू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रत्येक मुलास ठाऊक असावा.

आता मुख्य सूचना. मुलांना ‘जपून राहा’ असे सांगणे म्हणजे शिक्षण नव्हे. साहस हा त्या वयाचा धर्म आहे. तो उपदेशाने जात नाही. जागा आणि साधने सुरक्षित करणे हे मोठ्यांच्या हाती आहे. त्यासाठी शाळेत एक साधी वही ठेवावी. इजा कोठे झाली, केव्हा झाली, कशामुळे झाली एवढेच तीत लिहावे. नाव आणि दोष लिहू नये. मार बसेल या भीतीने मुले जखम लपवितात, मुली तर अधिकच. वहीत दोष नसेल तर ती बोलती होतील. आशा स्वयंसेविकेनेही आपल्या फेरीतील माहिती तीत भरावी. वर्षभरात तेच वळण, तीच विहीर, तेच यंत्र पुनःपुन्हा दिसेल. ती नोंद ग्रामसभेपुढे वाचावी आणि एका सभेत निदान एक धोका दूर करण्याचा ठराव करावा. विहिरीला कठडा बांधण्यास फार मोठा निधी लागत नाही. तो कोठे बांधावा हे कळण्यास मात्र नोंद लागते.

गावचे एक मूल अपंग झाले तर एका घराचा आधार जातो आणि एका विद्यार्थ्याची शाळा सुटते. ही हानी टाळणे आपल्या आवाक्यात आहे. येत्या ग्रामसभेत या वहीचा आरंभ व्हावा, अशी आपणांस विनंती करून मी माझे भाषण संपवितो.