जमीन सुटली, आता शिवार सोडवू
(अकलूज येथील बैठकीतील भाषण)



या माळशिरस तालुक्यात 'कंपनीची जमीन' हा शब्द ऐकत तीन पिढ्या गेल्या. नीरेचा उजवा कालवा आला, त्याच्यामागे ऊस आला. १९३२ साली सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माळीनगरचा कारखाना काढला. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने श्रीपूरला धुराडे उभे केले. कारखान्यांना ऊस पाहिजे, म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी जमिनी खंडाने दिल्या. मुदत संपली की जमीन घरी येणार, एवढाच हिशेब.

मग १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला. कारखान्यांच्या ताब्यातली जमीन सरकारने काढून घेतली आणि १९६३ साली शेती महामंडळ काढून त्याच्या हवाली केली. जादा जमीन कारखान्याकडे होती. गेली ती तिचा मालक असलेल्या खंडकऱ्याची. सदाशिवनगर आणि माळीनगरच्या मळ्यांवरून जाताना म्हातारी माणसे 'ते आपलं रान' म्हणून बोट दाखवायची. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०१२ पासून जमिनी परत मिळू लागल्या. मागणारे बहुतेक तोवर गेले होते.

पण परत काय मिळाले? सातबारा मिळाला. माझ्या वाटणीच्या रानात पहिल्या उन्हाळ्यात पांढरा फेस आला. वर पीठ सांडल्यासारखे, खाली चिखल. ऊस लावला, तो गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला. मी चर खणला. पाणी निघाले आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरले. त्याने रातोरात चर बुजवला. दोन वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आज सांगतो, चूक माझी होती.

मंडळी, काळ्या खोल रानाला पाणी द्यायला एक माणूस पुरतो. ते काढायला सगळे शिवार लागते. पाटाचे पाणी मोकाट सोडले, निचरा नसला, की जमिनीखालची पातळी वर येते. पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. हे आजचे दुखणे नाही. नीरा खोऱ्यातल्या खारवटलेल्या जमिनींवर हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यासह १९१० साली पुस्तिका लिहिली होती. म्हणजे दुखणे शंभर वर्षांपूर्वीच कळले होते, आणि आपण तरी पाणी देतच राहिलो.

उपाय जवळच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळच्या श्री दत्त कारखान्याने, गणपतराव पाटलांच्या पुढाकाराने, गावोगावच्या शेतकऱ्यांचे गट बांधले. जमिनीखाली भोकांचे पाइप घातले आणि सगळ्यांचे पाणी एका मोठ्या नळाने ओढ्याकडे काढले. पांढरी पडलेली हजारो एकर जमीन पुन्हा पिकाला आली. तिथे कुणी एकट्याने चर खणला असता, तर त्याचेही माझ्यासारखेच झाले असते.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी निचरा. मग माती तपासून, जमीन चोपण निघाली तरच जिप्सम. निचऱ्याआधी जिप्सम म्हणजे पैसे पाण्यात. मग धैंचा पेरा आणि फुलावर यायच्या वेळी, सुमारे दीड महिन्यात, गाडा. आणि पाचट पेटवू नका! एकरी तीन-चार टन पाचट निघते. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू खत टाकले की ते रानातच कुजते. विकतचे खत आणायचे आणि घरचे जाळायचे, हा कोणता हिशेब?

आता एक अवघड गोष्ट. मळ्यांच्या चाळींत महामंडळाचे कामगार राहिले. रान त्यांचे नव्हते, घाम त्यांचाच होता. आपल्याला जमीन मिळाली तेव्हा त्यांचे काम गेले. राहत्या जागेसाठी त्यांना भांडावे लागले. माझ्या रानात पाणी कुठे साचते, जुना चर कुठे बुजला, हे मला अशाच एका म्हाताऱ्या पाटकऱ्याने काठीने दाखवले. त्याला बोलावून विचारायची बुद्धी मला उशिरा झाली. निचऱ्याच्या कामावर पहिला हक्क या घरांचा असला पाहिजे, आणि पुरती मजुरी देऊन. आपल्यावर झालेला अन्याय आपण खाली ढकलला, तर आपल्यात आणि कंपनीत फरक काय राहिला?

खर्च मोठा आहे, एका हंगामाच्या बिलातून निघणारा नाही. सरकारने आपल्या रानावर पन्नास वर्षे शेती केली. खराबी झाली असेल तर दुरुस्तीचा वाटा मागणे ही भीक नव्हे. पण सरकारची वाट पाहत बसलो तर आणखी एक पिढी जाईल. म्हणून आजच्या बैठकीतून उठण्यापूर्वी एवढेच ठरवा: एका ओढ्याला मिळणारी जेवढी राने, त्यांची एक यादी. शेजारी कोण, उतार कुठे, पाणी कुठे साचते. टनामागे ठरावीक रक्कम बाजूला आणि तिचा हिशेब गावच्या फळ्यावर.

माझ्या यादीत पहिले नाव मी त्या शेजाऱ्याचे लिहिले आहे. परवा त्याच्या घरी चहा घेतला. चर यंदा दोघे मिळून खणणार आहोत.