पहिली खोली भाड्याने देताना



आजच्या विषयाचे नाव वाचून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने पुस्तकाकडे पाहावे की घरभाड्याकडे? शंका रास्त आहे. परंतु पहूरचा मुलगा शिकण्यासाठी जळगावला किंवा पुण्याला गेला, की घरभाडे ही वस्तू त्याला प्रथम भाडेकरू म्हणूनच भेटते. महिन्याच्या आरंभी पैसे मोजून देताना त्याच्या मनात येतेच, की आपल्यालाही असे घेता आले तर? हल्ली त्याला उत्तर देणारेही पुष्कळ निघाले आहेत. विद्यार्थिदशेतच एक फ्लॅट घ्यावा, त्याचे कर्ज भाडेकरूच्या पैशातून फेडावे आणि तिशीत निवांत बसावे, असा त्यांचा उपदेश असतो. त्यात खोट कोठे आहे आणि तथ्य कोठे, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

आधी हिशेब करू. फ्लॅटची किंमत वीस लाख धरा. चार लाख पदरचे. आणि विद्यार्थ्याच्या पदरचे म्हणजे बहुधा बापाचे, कदाचित एखादी शेतपट्टी विकून आलेले. उरलेले सोळा लाख नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १४,४०० रुपये पडतो. अशा फ्लॅटला भाडे किती येईल? पाच हजार धरू. म्हणजे भाडेकरू कर्ज फेडतो म्हणावे, तर तो फेडतो जेमतेम एक तृतीयांश. बाकीचे दोन तृतीयांश कोण फेडणार, हे त्या उपदेशकांनी सांगितलेले आमच्या ऐकिवात नाही. शिवाय फ्लॅट एखादा महिना रिकामा राहणार, नळ गळणार, सोसायटीची वर्गणी द्यावी लागणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा व्यवहार आहे.

हा उपदेश मुळात अमेरिकेतला. तेथे तीस वर्षे व्याजाचा दर न बदलणारे कर्ज मिळते, आणि घराच्या किमतीच्या मानाने भाडेही बरे येते. तेथला विद्यार्थी घर घेऊन एका खोलीत स्वतः राहतो व बाकीच्या खोल्या सोबत्यांना देतो, हे तेथे जमून जाते. आपल्याकडे राहत्या घराचे वर्षाचे भाडे किमतीच्या दोन ते चार टक्क्यांच्या घरात असते आणि कर्जाचे व्याज त्याच्या दुपटीहून अधिक. किंमत वाढेल हे खरे असू शकते. पण वाढलेल्या किमतीने या महिन्याचा हप्ता भरता येत नाही.

मग विद्यार्थ्याने हा नादच सोडावा काय? तसे आम्ही म्हणत नाही. पहूर पेठ असो की पहूर कसबे, गावात फिरताना कुलूप लावलेली घरे मोजून पाहावीत. मुलगे नोकरीसाठी बाहेर, म्हातारी माणसे गेलेली, धाब्यावर गवत उगवलेले. रस्त्याकडची ओसरी किंवा मागची एखादी खोली अजून धड असते. दुसरीकडे हे गाव जळगाव-संभाजीनगरच्या हमरस्त्यावर, अजिंठ्याच्या वाटेवर. जामनेर आणि पाचोऱ्याच्या वाटाही येथूनच फुटतात. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी २०२० साली थांबली, पण माणसांचे येणेजाणे थांबले नाही. बदलून आलेला शिक्षक, बँकेतला कारकून, दवाखान्यातली परिचारिका यांना दोन स्वच्छ खोल्या, संडास आणि पाणी एवढेच हवे असते.

अशा खोल्यांना छप्पर, फरशी आणि न्हाणी मिळून लाखभर रुपये लागले असे समजा. भाडे दोन हजार आणि वर्षातून दोन महिने खोली रिकामी. हाती आले वीस हजार. घरपट्टी व डागडुजीचे पाच हजार वजा जाता पंधरा उरले. लाखाला पंधरा! अर्थात घराची मूळ किंमत आपण यात धरलेली नाही, पण ते घर आज काहीच देत नाही, उलट दर पावसाळ्यात थोडे थोडे पडते आहे.

येथे मात्र थोडे थांबले पाहिजे. हे घर कोणाचे? मुलगा म्हणेल, "आमचे." या 'आमचे'मध्ये त्याची बहीण येते काय? आत्या येते काय? हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. त्या वेळी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हेही ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. रीतसर वाटणी झालेली नसेल, तर चाळीसगावला दिलेल्या आत्याला न विचारता लावलेले भाडे हे तिच्याही पैशातले भाडे आहे. घर बंद असते तोवर कोणाला वाटणी आठवत नाही. पहिले भाडे आले की सर्वांना आठवते, आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी आत्याला बोलवावे. दुरुस्तीचा खर्च कोण करणार, तो आधी कसा फिटणार, मग उरेल त्यात कोणाचा किती वाटा, हे कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. ज्या विद्यार्थ्याला एवढे साधले, त्याला पुढे भाडेकरू संभाळणे जड जाणार नाही.

दुसरा कागद मालकीचा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पुष्कळांना मालकीपत्रच वाटतो. तो कर-आकारणीचा उतारा आहे. त्याने मालकी शाबीत होत नाही. गावठाणातल्या घरांना मिळकतपत्रिका मिळावी म्हणून २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने मोजणी झाली. आपल्या घराची पत्रिका निघाली आहे काय आणि तीवर कोणाकोणाची नावे आहेत, हे पाहून घ्यावे. आणि करार करणारा अठरा वर्षे पुरा असावा. अज्ञानाचा करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच सांगून ठेवले आहे.

आता वडीलधाऱ्यांची खरी भीती: भाडेकरू निघालाच नाही तर? ही भीती निराधार नाही. तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जवळजवळ १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धकाळच्या टंचाईत त्याची गरज होती, पण टंचाई गेली तरी बंधन राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने घर सोडले नाही, आणि मधल्या जागेत पागडी जन्माला आली. मालकांनी मग परवानगीच्या कराराची, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सची वाट काढली. १९७३ साली सरकारने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला राहत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. तेव्हापासून कुलूप बरे, पण भाडेकरू नको, असे म्हणणारी एक पिढीच तयार झाली.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हे चित्र पुष्कळ बदलले. परवानगीची मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट रक्कम मागता येते. आणि ५५ वे कलम सांगते, की करार लेखी व नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरावयाचे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आमच्या राज्यात त्या दिवसापासून खोटा ठरला, तरी तो अजून पानाच्या ठेल्यावर जिवंत आहे. या कायद्याची सारी कलमे प्रत्येक खेड्याला लागू नाहीत हे खरे; पण नोंदलेला कागद कोठेही उपयोगी पडतो, आणि हे काम आता घरबसल्या संगणकावरही होते.

हाच कायदा मालकालाही बांधतो. भाड्याची पावती देणे सक्तीचे आहे. पैसे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडता येत नाही. आमचा विद्यार्थी स्वतः जळगावात भाडेकरू आहे, तेव्हा त्याला हे पटवावे लागू नये. तेथे मालकाने अनामत रक्कम परत देताना रंगाच्या नावाखाली किती कापले, हे तो विसरला नसेल. आपल्या खोलीत कोणी राहावयास येईल, त्या दिवशी त्याने भिंतींचे फोटो काढावेत, मीटरवरचा आकडा दोघांसमक्ष लिहावा, किल्ल्या किती दिल्या ते लिहावे, आणि त्या कागदाची एक प्रत भाडेकरूच्या हाती द्यावी. खोली सोडताना तोच कागद पुढे ठेवून अनामत त्याच दिवशी परत करावी.